सा, प आणि उजवा हात

रमोन्स या पंक बँडची पहिली तबकडी इअरफोन लावून ऐका आणि डाव्या कानातला इअरफोन काढून ठेवा. १९७६च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये, रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या इमारतीतल्या प्लाझा साउंड स्टुडिओत ती मुद्रित झाली. बास गिटार डावीकडे, जॉनी रमोनची गिटार उजवीकडे, ड्रम आणि गाणं मध्ये, अशी तिची मांडणी आहे. त्यामुळे एक कान मोकळा केला की बास गळून पडतो आणि गिटार जवळजवळ उघडी पडते. पंक म्हणजे नुसत्या कानठळ्या, असं ऐकत आलेल्या माणसाला इथे आश्चर्याचा धक्का बसतो. आवाज फाटलेला आहे, पण कडेकडेनेच. नखीचा प्रत्येक आघात सुटा ऐकू येतो, तारेचा धातू कळतो, आणि कॉर्डमधले स्वर नीट कान दिला तर एकेक करून ओळखता येतात.

पंकच्या गिटारबद्दल दोन समजुती घट्ट बसल्या आहेत. ज्यांना वाजवता येत नाही त्यांचं हे संगीत, ही पहिली. दुसरी अशी की मिळेल ती गिटार घ्यायची, डिस्टॉर्शनचं पेडल दाबायचं, अँपची सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवायची आणि टोन तयार. या दोन्ही समजुतींनी या संगीतावर अन्याय केला आहे असं मला वाटतं. पंकमधल्या चांगल्या गिटारवादकांनी आपला टोन फार हिशेबाने घडवला. तो हिशेब गाळण्याचा होता. कोणते स्वर गाळायचे, ओव्हरड्राइव्ह किती गाळायचा, हाताची कोणती हालचाल गाळायची, हे त्यांनी ठरवलं आणि त्यावर ते वर्षानुवर्षं ठाम राहिले.

जॉनी रमोनचं खरं नाव जॉन कमिंग्ज. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या फॉरेस्ट हिल्सचा हा तरुण बांधकामावर राबत होता. जानेवारी १९७४मध्ये मॅनहटनमधल्या मॅनीज म्युझिक या दुकानातून त्याने पन्नास डॉलरहून थोड्या जास्त किमतीला एक निळी मॉसराइट घेतली. मॉसराइट हे कॅलिफोर्नियातल्या सेमी मोझली या कारागिराचं काम. साठच्या दशकात व्हेंचर्स या बँडमुळे या गिटारला मान मिळाला होता. पुढे सर्फ संगीताची लाट ओसरली आणि तिला कोणी विचारेना. जॉनीला ती परवडली. शिवाय त्या काळच्या कुठल्याही बड्या गिटारवादकाच्या गळ्यात ती नव्हती, हेही त्याला हवं होतं. तिची मान बारीक, वजन कमी. ब्रिजजवळचा पिकअप दमदार, पण खर्जात आखडता. तो पिकअप जोरात वाजवला तरी आवाज चिखलासारखा पसरत नाही, आणि जॉनीने आयुष्यभर मुख्यतः तोच वापरला.

खरा टोन मात्र त्याच्या उजव्या हातात होता. गिटारवर नखी खाली जाताना एक आघात होतो आणि वर येताना दुसरा. वेगाने वाजवणारा कोणीही दोन्ही वापरतो, कारण त्यात श्रम निम्मे होतात. जॉनीने वर येणारा आघात जवळजवळ टाकूनच दिला. खाली जाणारी नखी आधी खर्जाच्या जाड तारांना भिडते, मनगटाचं वजन तिच्यामागे असतं. वर येणारी नखी आधी बारीक तारांना लागते आणि हलकी पडते. दोन्ही मिसळले की ताल एक जड, एक हलका असा झुलायला लागतो. फक्त खालचे आघात असले की प्रत्येक ठोका सारख्याच वजनाचा येतो. 'ब्लिट्झक्रीग बॉप' मिनिटाला १७५ ठोक्यांच्या आसपास चालतं आणि प्रत्येक ठोक्यात दोन आघात आहेत. म्हणजे सेकंदाला जवळपास सहा वेळा हात खाली जायचा आणि न वाजवता वर यायचा. रंगमंचावर वेग याहून जास्त असे. १९७७च्या शेवटच्या रात्री लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये झालेला त्यांचा कार्यक्रम 'इट्स अलाइव्ह' या तबकडीत आहे. एका तासाच्या आत २८ गाणी, मध्ये श्वास घेण्यापुरतीच फट. ज्याला वाजवता येत नाही त्याचा हात एवढा वेळ टिकत नाही. विशेष म्हणजे ही सवय जॉनीला लागली ती लेड झेपलिनच्या 'कम्युनिकेशन ब्रेकडाउन'मुळे, असं तो स्वतः सांगत असे. लांबलचक सोलो वाजवणाऱ्या ज्या पिढीविरुद्ध पंक उभं राहिलं, तिच्याचकडून त्याने एक गोष्ट उचलली आणि बाकी सगळं मागे ठेवलं.

आवाज 'फाटतो' म्हणजे काय होतं, हे इथे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. गिटारच्या पिकअपमधून येणारी विजेची लहर फार बारीक असते. अँपमधले व्हॉल्व्ह ती वाढवतात. पण प्रत्येक व्हॉल्व्हला एक मर्यादा असते. तिच्यापेक्षा उंच लहर आली की लहरीचा माथा कापला जातो. माथा चपटा झाला की मूळ स्वरात नसलेले वरचे उपस्वर तयार होतात आणि आवाजाला काटेरी कड येते. हाच ओव्हरड्राइव्ह. मराठी कानाला हा आवाज परका नाही. गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो पार्टीचा बेंजो, म्हणजे विजेवर आणलेला बुलबुलतरंग, भोंग्यातून बाहेर पडताना असाच फाटतो, आणि तो फाटतो म्हणूनच ढोलताशांच्या गजरातूनही वर येतो.

अँप बनवणाऱ्यांना हा दोष वाटे. वादकांना त्याची चटक अपघाताने लागली. १९५१मध्ये मेम्फिसला 'रॉकेट ८८' मुद्रित करायला आलेल्या आइक टर्नरच्या वाद्यवृंदाच्या अँपचा स्पीकर खराब झाला होता. मुद्रण करणाऱ्या सॅम फिलिप्सने त्यात कागद कोंबला आणि काम तसंच पुढे नेलं. १९५८च्या 'रंबल'साठी लिंक रेने स्पीकरच्या कागदाला मुद्दाम भोकं पाडली. १९६४मध्ये किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने छोट्या अँपच्या स्पीकरवर ब्लेड फिरवलं. इकडे लंडनमध्ये जिम मार्शल या ड्रमच्या दुकानदाराच्या माणसांनी १९६२मध्ये फेंडरच्या बासमन अँपच्या धर्तीवर आपला पहिला अँप बांधला आणि त्यातून पुढे मार्शलचा तो भरदार, कडक आवाज आला. पंक सुरू झालं तेव्हा फाटलेला आवाज नवा नव्हता. तो किती फाटू द्यायचा आणि कुठे थांबवायचा, हा प्रश्न मात्र पंकने नव्याने सोडवला.

या प्रश्नाचं उत्तर आपल्या तानपुऱ्यात दडलेलं आहे. फाटणाऱ्या अँपमधून दोन स्वर एकत्र गेले की त्या दोघांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा आणि वजाबाक्याही स्वर म्हणून बाहेर पडतात. समजा गिटारवर ११० हर्ट्झचा सा वाजवला आणि त्याबरोबर पंचम, म्हणजे सुमारे १६५. वजाबाकी ५५. हा त्याच साचा खालच्या सप्तकातला सा! कोणी तो वाजवलेला नाही, तरी तो भरीव होऊन उभा राहतो. गिटारवादक ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात, ती एवढीच आहे: सा आणि प, हवा असेल तर वरचा सा. अँप जितका फाटेल तितका हा जोड अधिक जाड होत जातो.

आता त्यात शुद्ध गंधार घाला. ११० च्या साचा निखळ गंधार १३७.५वर येतो आणि त्याची वजाबाकी २७.५, म्हणजे दोन सप्तकं खालचा सा. पण गिटारचे पडदे पियानो आणि हार्मोनियमसारखे समान अंतरांवर बसवलेले असतात, त्यामुळे तिचा गंधार १३८.६वर चढलेला असतो. वजाबाकी २८.६ येते आणि ती कुठल्याच साशी जुळत नाही. हार्मोनियमच्या गंधाराबद्दल गवई जी तक्रार पिढ्यान्‌पिढ्या करत आले, तीच तक्रार मार्शलचा अँप दहापट मोठ्या आवाजात करतो. स्वच्छ आवाजात हा फरक खपून जातो. गेन, म्हणजे फाटण्याचं प्रमाण, वाढवला की कॉर्ड गढूळ होऊन गुरगुरायला लागते.

म्हणून वादकापुढे दोनच वाटा उरतात. गंधार ठेवायचा असेल तर ओव्हरड्राइव्ह कमी ठेवायचा, किंवा ओव्हरड्राइव्ह वाढवायचा आणि गंधार गाळायचा. जॉनी रमोन पूर्ण बार कॉर्ड वाजवायचा, गंधारासकट. त्याची गाणी मुळात साठच्या दशकातल्या मुलींच्या गटांच्या आणि सर्फ बँडच्या चालींवर पोसलेली होती. त्यांचा गोडवा गंधारातच होता. तो टिकावा म्हणून अँप मोठ्याने वाजला पाहिजे, पण फार फाटता कामा नये. पुढच्या पिढ्यांनी गेन वाढवत नेला तसा गंधार मागे पडला आणि सा-पचा जोड उरला. पंकचा इतिहास मी अनेकदा या एका स्वराच्या जाण्या-येण्यातून ऐकतो.

लंडनची गोष्ट वेगळी, पण हिशेब तोच. सेक्स पिस्टल्सच्या स्टीव्ह जोन्सकडे पांढरी गिब्सन लेस पॉल कस्टम होती. ती आधी न्यूयॉर्क डॉल्सच्या सिल्व्हन सिल्व्हनची. पिस्टल्सचा व्यवस्थापक मॅल्कम मॅक्लॅरन याने ती अमेरिकेतून आणली. अँप फेंडर ट्विन रिव्हर्ब. ट्विन हा अँप मोठ्या आवाजातही स्वच्छ राहण्यासाठी ओळखला जातो. पंकसाठी निवडायला सल्ला विचारला तर बहुतेक दुकानदार त्याचं नाव घेणार नाहीत. जोन्सने तो इतका चढवला की स्वच्छ अँपही कडेला फाटला. त्याच्या आवाजात जो लखलखीत, काचेसारखा कठीणपणा आहे, तो यातून आला.

ऑक्टोबर १९७७मध्ये आलेली त्यांची एकमेव स्टुडिओ तबकडी लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत घडली. निर्माता ख्रिस टॉमस, ध्वनिमुद्रक बिल प्राइस. हाच टॉमस पिंक फ्लॉइडच्या 'डार्क साइड ऑफ द मून'च्या मिश्रणावर देखरेख करून आला होता, आणि पिस्टल्सचा गायक तर पिंक फ्लॉइडबद्दलचा तिटकारा लिहिलेला टी-शर्ट घालून फिरे. दोघांच्या भेटीतून जे निघालं ते रॉकमधल्या सर्वांत नीटनेटक्या गिटारमुद्रणांपैकी एक आहे. जोन्सने तीच कॉर्ड त्याच गतीने पुन्हा पुन्हा वाजवून थरांवर थर चढवले. बहुतेक गाण्यांत बासही त्यानेच वाजवला, आणि तो गिटारच्या पावलावर पाऊल टाकून जातो. एक गिटार खूप फाडली तर आवाज धूसर होतो. बऱ्यापैकी स्वच्छ अशा अनेक गिटारी एकमेकींवर ठेवल्या तर भिंत उभी राहते. पण त्यासाठी प्रत्येक थर आधीच्या थरावर केसाइतकाही न सरकता बसावा लागतो. काही वर्षांपूर्वीच गिटार हातात घेतलेल्या एका तरुणाने हे केलं. त्याच्या हातातली शिस्त ऐकून मला आजही फार आदर वाटतो.

क्लॅशच्या जो स्ट्रमरची फेंडर टेलिकास्टर १९६६ची. एका परदेशी स्त्रीला ब्रिटनमध्ये राहता यावं म्हणून त्याने कागदोपत्री लग्न केलं, त्याचे १०० पौंड मिळाले, त्यातून ही गिटार आली. पुढे तिला काळा रंग फासला गेला. स्ट्रमर मुळात डावखुरा, पण गिटार उजव्या हाताने वाजवायचा. त्यामुळे बोटांची नाजूक कामं त्याला कधी जमली नाहीत आणि सगळी ताकद तालात गेली. टेलिकास्टरचा कोरडा, करकरीत आवाज आणि शेजारी मिक जोन्सची जाड गिब्सन, या जोडीत क्लॅश आहे.

मँचेस्टरच्या बझकॉक्सनी तर गाळण्याची कमाल केली. त्यांनी २८ डिसेंबर १९७६ला एका दिवसात चार गाणी मुद्रित केली आणि उसन्या ५०० पौंडांत 'स्पायरल स्क्रॅच' स्वतःच काढली. पीट शेलीच्या स्टारवे गिटारच्या शरीराचा वरचा अर्धा भाग तुटून गेलेला होता. तो ती तशीच वाजवायचा. त्यातल्या 'बोरडम' या गाण्यात गिटारचा सोलो आहे फक्त दोन स्वरांचा. तेच दोन स्वर, पुन्हा पुन्हा. कंटाळ्यावरच्या गाण्यात याहून नेमका सोलो मी ऐकलेला नाही.

पुढे लीड्सच्या गँग ऑफ फोरच्या अँडी गिलने व्हॉल्व्हच टाकून दिले. त्याला त्यांची ऊब नको होती. ट्रान्झिस्टरच्या अँपमधून येणारा थंड, कापणारा आवाज हवा होता. १९७९ची 'एंटरटेनमेंट!' ऐकली की कळतं, ओव्हरड्राइव्ह जवळजवळ शून्यावर आणूनही संगीत किती धारदार होऊ शकतं.

कॅलिफोर्नियात ब्लॅक फ्लॅगचा ग्रेग गिन उलट दिशेने गेला. त्याला लहानपणापासून इलेक्ट्रॉनिक्सचा नाद. रेडिओ हौशींसाठी उपकरणं बनवण्याचा त्याचा टपाली धंदा होता, त्याचं नाव एसएसटी, आणि तेच नाव त्याने पुढे आपल्या तबकडी कंपनीला दिलं. डॅन आर्मस्ट्राँगची पारदर्शक ॲक्रिलिकची गिटार घेऊन तो जे वाजवायचा त्यात सूर मुद्दाम सुटलेले, आवाज ओरबाडणारा. त्याच सुमारास वॉशिंग्टनच्या हार्डकोअर बँडनी व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनमध्ये डॉन झिंटारा यांच्या राहत्या घरातल्या इनर इअर स्टुडिओत मुद्रणं केली. मायनर थ्रेटची गाणी तिथलीच. एवढ्या वेगात गंधाराला जागाच नव्हती.

मग १ फेब्रुवारी १९९४ला ग्रीन डेची 'डुकी' आली आणि हा आवाज घराघरांत गेला. बिली जो आर्मस्ट्राँगची 'ब्लू' ही स्ट्रॅटोकास्टरच्या नमुन्याची फर्नांडिस कंपनीची गिटार. तिच्या ब्रिजला हमबकर पिकअप बसवलेला, अंगभर स्टिकर. अँप फेरफार केलेला मार्शल. तबकडीला २५ वर्षं झाली तेव्हा एमएक्सआर कंपनीने तो टोन एका पेडलमध्ये बांधून विकायला काढला. त्या पेडलवर ब्लेंड नावाचं एक बटण आहे: भरपूर फाटलेला आवाज आणि त्यामानाने स्वच्छ आवाज, दोन्ही किती मिसळायचे ते ठरवणारं. पंकच्या सर्वांत खपलेल्या गिटार-टोनचं रहस्य त्या एका बटणात आहे. फाटलेल्या आवाजाखाली स्वच्छ आवाजाचा कणा नसेल तर तो उभा राहत नाही.

जॉनीने पुढे बरीच वर्षं वाजवलेली पांढरी मॉसराइट २०२१मध्ये लिलावात नऊ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली. गिटारीला एवढी किंमत येते याचं मला कौतुक नाही. पन्नास डॉलरच्या गिटारवर तोच हात तेच संगीत काढत होता.

मुंबईत हे संगीत नंतर, तुटकतुटक पोचलं. धोबी तलावच्या आसपासची वाद्यांची दुकानं, त्यांतलं फुर्टाडोज तर १८६५चं. झेवियर्सशेजारच्या रंगभवनात १९८६मध्ये सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक महोत्सव. गोव्याच्या आणि वांद्र्याच्या घरांतल्या गिटारी. त्या मंचांवर मेटल आणि क्लासिक रॉकचा दबदबा होता, पंकला थोडी जागा मिळाली. तरी द रायट पेडलर्स आणि द लाइटइयर्स एक्सप्लोड यांसारख्या मुंबईकर बँडनी ती जागा घेतली. आपल्याकडे वाजवणाऱ्याला आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. अमेरिकन बाजारातला जुना अँप १२० व्होल्टचा असतो. तो थेट आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावला की जळतो, मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. आणि कोकणपट्टीचा पावसाळा तारांना गंज चढवतो, लाकडी मानेला वाकवतो. जूनपासून गिटार पेटीत, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावी.

दिवाळीच्या सुट्टीत ज्यांच्या घरी मुलगा किंवा मुलगी गिटार मागते आहे, त्यांच्यासाठी थोडं स्पष्ट सांगतो. फ्लॅटमध्ये ५० वॅटचा अँप नको. कानाला आवाज दुप्पट वाटायला शक्ती दहापट लागते, म्हणजे ५ वॅटचा अँप ५० वॅटच्या साधारण निम्म्या आवाजाचा असतो आणि खोलीत तो पुरून उरतो. लहान अँप कमी आवाजातही फाटतो, हा वरचा फायदा. पेडल घ्यायचंच असेल तर ट्यूब स्क्रीमरच्या जातीचं घ्या. ते खर्ज आधी कापतं आणि मधले स्वर पुढे आणतं. खर्जच सर्वांत आधी फाटून गढूळ होतो, म्हणून हे कामाचं. त्यावरचं ड्राइव्ह कमी ठेवा, लेव्हल जास्त. अँपवर गेन जितका बरा वाटेल त्याच्या निम्म्यावर आणा, मिडल वाढवा, बास उतरवा. एकट्याने वाजवताना हा आवाज जरा रोडावलेला वाटेल. बास आणि ड्रम शेजारी आले की तोच गाण्याच्या पुढे उभा राहतो, आणि घरी भरीव वाटलेला आवाज मात्र त्यांच्यात बुडून जातो.

तारा थोड्या जाड घ्या, नखी कडक. मेट्रोनोम १२०वर लावून प्रत्येक ठोक्यात दोन आघात, सगळे खालचे, आधी एकाच सा-पवर. हालचाल कोपरातून नको, मनगटातून, आणि नखी तारांपासून दूर जाऊ देऊ नका. सलग तीन मिनिटं एकही आघात हलका न पडता झाली की वेग पाच ठोक्यांनी वाढवा. हात दुखायला लागला तर त्या दिवसापुरतं थांबा, दुसऱ्या दिवशी वेग उतरवून पुन्हा सुरू करा, पण वर जाणारा आघात मिसळू नका.